कनिष्ठांना मिळालेली मुदत : भारतीय हॉकीच्या पुनर्बांधणीची कहाणी

क्रीडा प्रतिनिधी

खेळाच्या मैदानावर एखादा बलाढ्य संघ कोसळला की, पुनर्बांधणीची भाषा सर्वत्र ऐकू येऊ लागते. नवे प्रशिक्षक येतात, जुने खेळाडू जातात आणि तरुणांना संधी देण्याच्या घोषणा होतात. वास्तविक संधी देणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होय. ती संधी वाया गेल्यावर, ऐन मोक्याच्या सामन्यात नवोदित खेळाडू अपयशी ठरल्यावर, त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकण्याची तयारी आहे की नाही, यावर पुनर्बांधणीचे भवितव्य ठरते. भारतीय पुरुष हॉकी संघ २००८ मध्ये ऑलिम्पिकसाठी पात्रही ठरला नव्हता. त्याच संघाने २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये कांस्यपदक पटकावले. या सोळा वर्षांच्या प्रवासाचा आढावा घेतला असता, गुणवत्तेपेक्षाही तरुणांच्या अपयशाला मिळालेली मुदत निर्णायक ठरली, असे दिसून येते.

सॅन्टियागोचा धक्का

ऑलिम्पिक हॉकीत भारताच्या नावावर आठ सुवर्णपदके आहेत. त्यातील पहिले १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे मिळाले आणि शेवटचे १९८० मध्ये मॉस्को येथे. मॉस्कोनंतर पदकांचा ओघ आटला, तरी ऑलिम्पिकमध्ये भारताचा संघ असणार हे गृहीतच धरलेले असे. ९ मार्च २००८ रोजी चिलीची राजधानी सॅन्टियागो येथे तेही संपले. पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनने भारताला २-० असे पराभूत केले आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघाविना ऑलिम्पिक होणार हे निश्चित झाले. प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात भारतीय ऑलिम्पिक संघटनेने के. पी. एस. गिल यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय हॉकी महासंघाला निलंबित केले. २००९ मध्ये 'हॉकी इंडिया' ही नवी संघटना अस्तित्वात आली.

मात्र संघटना बदलली म्हणून लगेच निकाल बदलले नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी भारत पात्र ठरला खरा, पण तेथे सर्व सामने गमावून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. ज्या संघटनेला तळ गाठल्याचे वाटत होते, तिला तळ अजून खाली असल्याचे लंडनने दाखवून दिले.

होबार्टची पिढी

सॅन्टियागोचा पराभव हा गुणवत्तेच्या दुष्काळाचा परिणाम होता, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. इतिहास मात्र वेगळे सांगतो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे भारताने अर्जेंटिनाला अंतिम सामन्यात ६-१ अशी धूळ चारून ज्युनियर विश्वचषक जिंकला होता. कर्णधार गगन अजित सिंग, गोलांचा धडाका लावणारा दीपक ठाकूर आणि ड्रॅगफ्लिकमध्ये तरबेज असलेला जुगराज सिंग ही नावे तेव्हा घरोघरी पोहोचली. प्रशिक्षक राजिंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली यातील अनेकांनी वरिष्ठ संघात प्रवेश केला आणि २००३ मध्ये क्वालालंपूर येथे पाकिस्तानला ४-२ असे हरवून भारताने प्रथमच आशिया चषक पटकावला.

त्यानंतरचा काळ मात्र हातातोंडाशी आलेला घास हिरावला जाण्याचा आहे. सप्टेंबर २००३ मध्ये मोटार अपघातात जुगराज गंभीर जखमी झाला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द व्यवहारतः तेथेच संपली. या दुर्दैवाचा दोष कोणाला देता येणार नाही. परंतु २००४ चे अथेन्स ऑलिम्पिक अवघ्या काही आठवड्यांवर आले असताना राजिंदर सिंग यांना दूर करून जर्मनीचे गेरहार्ड राक यांच्या हाती संघ सोपवण्यात आला, तो निर्णय नियतीचा नव्हता. ज्या खेळाडूंना एका पद्धतीने घडवले जात होते, त्यांना ऐन परीक्षेच्या तोंडावर दुसरी पद्धत शिकावी लागली. भारत सातवा आला. २००६ च्या विश्वचषकात अकरावा आला. त्याच वर्षी दोहा आशियाई स्पर्धेतून इतिहासात प्रथमच हॉकी संघ पदकाविना परतला.

होबार्टचे विजेते २००८ मध्ये साधारण सव्वीस ते अठ्ठावीस वर्षांचे होते. हॉकीपटूच्या आयुष्यातील हा ऐन बहराचा काळ असतो. त्या वयात ही पिढी संघाचा कणा व्हायला हवी होती. प्रत्यक्षात सॅन्टियागोत उतरलेल्या संघाला तिचा एकसंध आधार नव्हता. त्याच काळातील, अथेन्स ऑलिम्पिक खेळलेला मुंबईकर विरेन रस्किन्हा याने तर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच स्टिक खाली ठेवून व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणाची वाट धरली.

निवड समितीच्या उतावळेपणाची ही परंपरा जुनीच होती. पुण्याच्या खडकीतून आलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉक आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर थोड्याच अवधीत खुद्द धनराजसह अनेक अनुभवी खेळाडूंना वगळण्यात आले. पराभवानंतर संघ मोडण्याची सवय वाईट खरी, पण येथे विजयानंतरही संघ एकत्र ठेवला गेला नव्हता. धनराज पुढे परतला, एकूण चार ऑलिम्पिक खेळला, पण ऑलिम्पिक पदक त्याच्या वाट्याला आले नाही.

लखनौपूर्वीची पायाभरणी

पुनर्बांधणीची खरी सुरुवात वरिष्ठ संघात झाली नाही, ती कनिष्ठ संघात झाली. २०१३ मध्ये हॉलंडचे रोलंट ओल्टमन्स उच्च कामगिरी संचालक म्हणून रुजू झाले. वरिष्ठ आणि कनिष्ठ संघांच्या तयारीत एकसूत्रता आणणे हे या पदाचे काम. त्याच वर्षी जानेवारीत हॉकी इंडिया लीग सुरू झाली. अठरा वर्षांचा मनदीप सिंग रांची ऱ्हायनोजकडून खेळताना प्रथम सर्वांच्या नजरेत भरला. परदेशी नामवंतांच्या शेजारी बसून विशीतील मुलांना सामन्याची तयारी कशी करावी, दुखापतीनंतर शरीराची निगा कशी राखावी, हे पाहायला मिळाले. या शिक्षणाचे मोल गोलांत मोजता येत नाही.

निकाल मात्र अजूनही उत्साहवर्धक नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये नवी दिल्लीत घरच्या मैदानावर झालेल्या ज्युनियर विश्वचषकात मनप्रीत सिंगच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ दहावा आला. मनप्रीतचे वय तेव्हा एकवीस होते. आदल्या वर्षी लंडनमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या वरिष्ठ संघातही तो होता. एका ऑलिम्पिकमध्ये बारावा आणि कनिष्ठ विश्वचषकात कर्णधार म्हणून दहावा, अशी नोंद असलेल्या खेळाडूला पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे घरचा रस्ता दाखवला गेला असता. मनप्रीतला संघात ठेवण्यात आले. आठ वर्षांनी टोकियोच्या पदक वितरण सोहळ्यात भारताचा कर्णधार म्हणून तोच उभा होता.

दिल्लीतील अपयशानंतर कनिष्ठ संघाची सूत्रे हरेंद्र सिंग यांच्याकडे आली. २००५ मध्ये रॉटरडॅम येथे झालेल्या ज्युनियर विश्वचषकात त्यांच्याच संघाने कांस्यपदकाची लढत टायब्रेकरमध्ये गमावली होती. या वेळी त्यांना एकाच गटासोबत सलग काम करता आले. सुलतान जोहोर चषक, परदेश दौरे, चौरंगी स्पर्धा अशा वाटेने हा संघ हळूहळू एकजीव झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये मलेशियातील कुआंतान येथे पाकिस्तानला ६-२ असे नमवून त्याने ज्युनियर आशिया चषक जिंकला. त्यातील चार गोल हरमनप्रीत सिंग या बचावपटूचे होते.

१८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौच्या मेजर ध्यानचंद मैदानावर ज्युनियर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवणाऱ्या भारताने बेल्जियमचा २-१ असा पराभव केला. गुरजंत सिंग आणि सिमरनजित सिंग यांनी गोल केले. पंधरा वर्षांनी हा चषक पुन्हा भारताकडे आला. होबार्टनंतर जे घडले तेच लखनौनंतरही घडणार का, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला होता.

ऑलिम्पिक खेळून पुन्हा कनिष्ठ संघात

या प्रश्नाचे उत्तर एका खेळाडूच्या वाटचालीत सापडते. अमृतसर जिल्ह्यातील तिम्मोवाल या गावचा हरमनप्रीत सिंग २०११ मध्ये जालंधरच्या सुरजित हॉकी अकादमीत दाखल झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो रिओ ऑलिम्पिक खेळला. भारत उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमकडून ३-१ असा हरला आणि आठवा आला. पेनल्टी कॉर्नरवर गोल करणे हे ज्याचे वैशिष्ट्य, त्या हरमनप्रीतला संपूर्ण स्पर्धेत एकही गोल करता आला नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी तो लखनौला कनिष्ठ संघातून खेळला. ऑलिम्पिक खेळलेल्या खेळाडूला ज्युनियर स्पर्धेत उतरवणे कोणाला पदावनती वाटेल. परंतु एकवीस वर्षांखालील स्पर्धेसाठी तो पात्र होता आणि त्या वयाच्या मुलाला ज्या गोष्टीची सर्वाधिक गरज असते ती तेथे मिळणार होती. ती म्हणजे भरपूर वेळ मैदानावर राहणे आणि संघाचा भार आपल्या खांद्यावर घेणे. वरिष्ठ संघाच्या राखीव बाकावर बसून ही गोष्ट मिळत नाही.

पुढचे आकडे पुरेसे बोलके आहेत. टोकियोत हरमनप्रीतने सहा गोल केले. पॅरिसमध्ये कर्णधार म्हणून दहा गोल करत तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला तीनदा मिळाला. रिओतील शून्यावरच त्याचा हिशेब बंद केला असता, तर या सोळा गोलांचे काय झाले असते, याचा विचार निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने करावा असा आहे.

पुढे हीच पद्धत विवेक सागर प्रसादच्या बाबतीतही दिसली. मध्य प्रदेशच्या या मध्यरक्षकाने जानेवारी २०१८ मध्ये सतराव्या वर्षी वरिष्ठ संघात पदार्पण केले. टोकियोचे कांस्यपदक गळ्यात पडल्यानंतर त्याच वर्षी भुवनेश्वरच्या ज्युनियर विश्वचषकात त्याने कनिष्ठ संघाचे नेतृत्व केले.

मुरायला वेळ का लागतो?

क्रिकेटमध्ये एकोणीस वर्षांचा फलंदाज पहिल्याच कसोटीत शतक ठोकू शकतो. हॉकीत असे झटपट यश क्वचित टिकते. त्याची कारणे खेळाच्या घडणीत आहेत.

पहिले कारण शरीराचे. कृत्रिम मैदान आणि अमर्याद बदली खेळाडूंची मुभा यांमुळे आधुनिक हॉकी हा सतत धावण्याचा खेळ झाला आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामने पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळवण्यास सुरुवात झाल्यावर वेग आणखी वाढला. खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येतो, दम घेतो आणि पुन्हा आत जातो. हे चक्र तासभर पेलणारे शरीर तयार होण्यास शास्त्रशुद्ध व्यायामाची काही वर्षे जावी लागतात.

दुसरे कारण कौशल्याचे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका जोरात मारायचा असेल, तर चेंडू ४६ सेंटिमीटर उंचीच्या फळीपेक्षा वर जाऊन चालत नाही. ड्रॅगफ्लिकला हे बंधन नाही. चेंडू स्टिकवर ओढत आणून गोफणीसारखा भिरकावण्याच्या या कलेत पाठ, कंबर आणि मांड्या यांवर प्रचंड ताण येतो. पंधरा-सोळाव्या वर्षी अतिसराव केला, तर पाठीचे दुखणे जन्माचे मागे लागू शकते. म्हणून चांगला प्रशिक्षक रोजच्या फटक्यांची संख्या मोजतो आणि वयानुसार ती वाढवतो.

तिसरे कारण समज आणि अनुभवाचे. गोलरक्षकाच्या बाबतीत ते सर्वांत ठळकपणे जाणवते. पी. आर. श्रीजेशने २००६ मध्ये वरिष्ठ संघात पदार्पण केले. मात्र संघातील त्याची जागा पक्की होण्यास सुमारे पाच वर्षे लागली. बचावफळीला मागून सूचना देणे, प्रतिस्पर्ध्याची चाल आधी ओळखणे, शूटआउटमध्ये आठ सेकंद संयम राखणे हे वयाबरोबरच येते. तेहेतिसाव्या वर्षी टोकियोत आणि छत्तिसाव्या वर्षी पॅरिसमध्ये भारताच्या पदकाची राखण याच गोलरक्षकाने केली.

प्रशिक्षक बदलले, खेळाडू टिकले

हा सारा काळ शांततेचा आणि नियोजनबद्ध प्रगतीचा होता, असा समज मात्र करून घेऊ नये. होजे ब्रासा, मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन अॅस, ओल्टमन्स, श्योर्ड मरिने आणि हरेंद्र सिंग असे सात मुख्य प्रशिक्षक २००९ ते २०१९ या दहा वर्षांत वरिष्ठ संघाने पाहिले. काहींची गच्छंती तर वादंगातच झाली. २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या विश्वचषकात भारत उपांत्यपूर्व फेरीत हॉलंडकडून २-१ असा हरला, सहावा आला आणि हरेंद्र सिंग यांना पद सोडावे लागले.

तरीही २००४ आणि २०१९ या वर्षांत एक महत्त्वाचा फरक राहिला. लखनौच्या विजयातून वर आलेल्या खेळाडूंचा गट २०१८ च्या अपयशानंतरही फोडण्यात आला नाही. एप्रिल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड आले, तेव्हा त्यांच्या हाती नवखी मुले आली नाहीत. एकत्र जिंकलेले आणि एकत्र हरलेले, बावीस-तेवीस वर्षांचे अनुभवी खेळाडू आले.

पैशाचे आणि सोयींचे पाठबळही याच काळात स्थिर झाले. फेब्रुवारी २०१८ पासून ओडिशा सरकारने दोन्ही राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले. बेंगळुरूच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात वर्षातील बहुतेक काळ शिबिर चालू राहू लागले. रेल्वे, सेनादले, पोलीस आणि तेल कंपन्यांतील नोकऱ्यांमुळे शेतकरी व कष्टकरी घरांतील या मुलांना पोटापाण्याची चिंता राहिली नाही. संयम राखण्याचा सल्ला देणे सोपे असते, पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला चार वर्षे थांब असे सांगता येत नाही. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत संघ महिनोन् महिने बेंगळुरूच्या केंद्रातच अडकून पडला. त्या सक्तीच्या सहवासात रीड यांनी खेळाडूंना आपापल्या घरच्या परिस्थितीविषयी एकमेकांशी बोलायला लावले.

राखीव खेळाडूंचे टोकियो

टोकियोसाठी निवडलेल्या पहिल्या सोळा जणांत तब्बल दहा खेळाडू प्रथमच ऑलिम्पिक खेळणार होते. करोनामुळे प्रत्येक संघाला दोन राखीव खेळाडूंचाही वापर करण्याची मुभा मिळाली. भारताचे राखीव खेळाडू होते वरुण कुमार आणि सिमरनजित सिंग. दोघेही लखनौच्या विजयाचे शिलेदार. या दोघांसह हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत, सुमित आणि नीलकांत शर्मा असे २०१६ च्या ज्युनियर संघातील सात जण टोकियोच्या पदकविजेत्या चमूत होते.

स्पर्धेच्या दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताचा ७-१ असा धुव्वा उडवला. अशा पराभवाने यापूर्वी भारतीय संघ खचून गेले होते. या संघाने पुढच्या सामन्यात स्पेनला ३-० असे हरवले. संधी मिळालेल्या सिमरनजितने त्यात गोल केला. अर्जेंटिनाविरुद्ध वरुणने गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध गुरजंतने गोल केला.

५ ऑगस्ट २०२१ रोजी कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा पिछाडीवर होता. तेथून मुसंडी मारत भारताने ५-४ असा विजय मिळवला. शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने परतवला. पाचपैकी दोन गोल सिमरनजितचे होते. मूळ निवडीत ज्याचे स्थान नव्हते, पण ज्याला वाऱ्यावर सोडले गेले नव्हते, अशा खेळाडूने एक्केचाळीस वर्षांचा ऑलिम्पिक पदकाचा दुष्काळ संपवण्यात मोलाचा वाटा उचलला.

याच सामन्यात गोल करणारा हार्दिक सिंग हा होबार्टच्या जुगराज सिंगचा पुतण्या. अपघाताने अर्धवट राहिलेल्या एका पिढीची साखळी पुढच्या पिढीशी अशी जोडली गेली.

संयमाची किंमत

तरुणांसाठी थांबण्याची किंमतही मोजावी लागते आणि ती कोणीतरी चुकवत असतो. माजी कर्णधार सरदार सिंग दशकभर भारताच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ होता. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी त्याला वगळण्यात आले. तो नंतर संघात परतला, पण त्याच वर्षी आशियाई स्पर्धेतील कांस्यपदकानंतर त्याने निवृत्ती स्वीकारली. मधल्या फळीतील जागा मोजक्याच असतात आणि नव्याला जागा द्यायची तर जुन्याला ती सोडावी लागते.

प्रत्येक रोप वृक्ष होते असेही नाही. लखनौमध्ये चषक उंचावणारा कर्णधार हरजित सिंग याच्या जीवनावर २०१८ मध्ये 'हरजीता' हा पंजाबी चित्रपट निघाला, परंतु ऑलिम्पिकचे मैदान त्याला लाभले नाही. अठरापैकी सात जणांना ऑलिम्पिक पदक मिळाले, याचा अर्थ अकरा जणांना मिळाले नाही. तरीही एका कनिष्ठ संघातून सात ऑलिम्पिक पदकविजेते निघणे हे प्रमाण विलक्षण मानावे लागेल. कोण फुलेल आणि कोण कोमेजेल, हे आधी सांगता येत नाही म्हणूनच अठराही जणांवर मेहनत घ्यावी लागते.

भारतीय महिला संघाची कहाणी याच धड्याच्या दोन्ही बाजू दाखवते. २०१३ मध्ये जर्मनीतील मोंशेनग्लाडबाख येथे राणी रामपालच्या पिढीने ज्युनियर विश्वचषकात कांस्यपदक जिंकले. रिओत महिला संघ बारावा, म्हणजे शेवटचा आला. संघ मोडला गेला नाही आणि टोकियोत त्याने चौथा क्रमांक मिळवून देशाला थक्क केले. पण प्रशिक्षक मरिने निघून गेले, काही खेळाडू दुरावल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानकडून हार पत्करावी लागल्याने पॅरिसची वाट बंद झाली. पुनर्बांधणी एकदा करून संपत नाही. मागची फळी तयार नसेल तर पुढची फळी थकताच संघ पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

परदेशातही याचा पडताळा मिळतो. बेल्जियमचा पुरुष संघ १९७६ नंतर थेट २००८ मध्ये ऑलिम्पिकला पात्र ठरला आणि बीजिंगला नववा आला. त्या संघातील जॉन-जॉन डोमेनसारखे खेळाडू पुढे तेरा वर्षे टिकले. २०१६ मध्ये रौप्य, २०१८ मध्ये विश्वविजेतेपद आणि टोकियोत सुवर्ण अशी त्यांची चढती कमान राहिली.

पॅरिस आणि पुढची फळी

टोकियोनंतर रुपिंदर पाल सिंग व बिरेंद्र लाक्रा यांनी निवृत्ती घेतली. २०२३ च्या घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून पराभूत होऊन भारत नवव्या स्थानी राहिला आणि रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग फुल्टन यांनी संघ उलथापालथ न करता बचाव भक्कम करण्यावर भर दिला. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या सुवर्णपदकासह पॅरिसची पात्रता मिळाली. पॅरिसच्या सोळा जणांत पाच नवे चेहरे होते. टोकियोत दहा आणि पॅरिसमध्ये पाच, हा फरक बांधणी स्थिरावल्याची खूण होती.

उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळून भारताने १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४-२ अशी बाजी मारली. ८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पेनला २-१ असे हरवून मिळालेले कांस्यपदक हे १९६८ व १९७२ नंतर प्रथमच सलग दुसऱ्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेले पदक ठरले.

श्रीजेशने त्या सामन्यानंतर निवृत्ती घेतली आणि कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्याआधी २०२१ व २०२३ च्या ज्युनियर विश्वचषकांत भारत चौथा राहिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कत येथे पाकिस्तानला ५-३ असे नमवून श्रीजेशच्या संघाने ज्युनियर आशिया चषक जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत ज्युनियर विश्वचषकाच्या कांस्यपदकाच्या लढतीत अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही भारताने ४-२ असा विजय मिळवला. लखनौनंतरचे हे पहिलेच ज्युनियर विश्वचषक पदक होते.

महाराष्ट्र कुठे आहे?

या कहाणीत मराठी मुलखाची नावे कमी आहेत, ही गोष्ट येथील क्रीडाप्रेमींना सलणारी आहे. मुंबईच्या वाल्मीकी बंधूंपैकी देविंदर २०१६ मध्ये रिओला खेळला. मुंबईचाच गोलरक्षक सूरज करकेरा भारतीय संघापर्यंत पोहोचला. महिलांमध्ये सातारा जिल्ह्यातील फलटण परिसरातून आलेली वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडली. धनराजची खडकी आणि चर्चगेटचे मैदान एके काळी देशाला खेळाडू पुरवत असत. पंजाब, ओडिशा, हरयाणा आणि मध्य प्रदेशात तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी निवासी अकादमी, कृत्रिम मैदान, आहार आणि पुढे नोकरी अशी सलग शिडी उभी राहिली. महाराष्ट्रात तिच्या काही पायऱ्या आहेत, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. शिडी सलग असेल तरच मुलाचे पालक दहा वर्षे थांबण्याचा धोका पत्करतात.

होबार्टचे ६-१ आणि लखनौचे २-१ या दोन निकालांत पहिला अधिक देदीप्यमान होता. ऑलिम्पिक पदक मात्र दुसऱ्यातून आले. दोन्ही संघांत गुण होते, दोन्ही संघ पुढे हरलेही. पहिल्याला हरल्यावर सावरू दिले नाही, दुसऱ्याला दिले. चेन्नईत कांस्यपदक जिंकलेल्या मुलांपैकी काही जण येत्या वर्षांत वरिष्ठ संघात येतील आणि त्यांच्या हातून चुका होतील. त्या चुकांनंतरच्या निवड समितीच्या बैठकीत काय ठरते, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

ठळक टप्पे

२००१ : होबार्ट येथे ज्युनियर विश्वचषकाचे विजेतेपद
२००४ : अथेन्स ऑलिम्पिक, सातवा क्रमांक
२००८ : बीजिंग ऑलिम्पिकची पात्रता हुकली
२००९ : हॉकी इंडियाची स्थापना
२०१२ : लंडन ऑलिम्पिक, बारावा क्रमांक
२०१३ : दिल्लीतील ज्युनियर विश्वचषक, दहावा क्रमांक, हॉकी इंडिया लीगचा प्रारंभ
२०१६ : रिओ ऑलिम्पिक, आठवा क्रमांक, लखनौ येथे ज्युनियर विश्वचषकाचे विजेतेपद
२०१८ : भुवनेश्वर विश्वचषक, सहावा क्रमांक
२०२१ : टोकियो ऑलिम्पिक, कांस्यपदक
२०२३ : विश्वचषकात नववा क्रमांक, आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक
२०२४ : पॅरिस ऑलिम्पिक, कांस्यपदक
२०२५ : ज्युनियर विश्वचषकात कांस्यपदक